आमचे येथे सह्या करून मिळतील

आयुष्यात तुम्ही काय केलंत, असं मला कोणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर एकच आहे. सह्या केल्या. ३४ वर्षं मी एका बँकेत होतो. बँकेचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येतं. पहिली काही वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात गेली आणि उरलेली स्वतःच्या करण्यात. ड्राफ्टवर सही, व्हाउचरवर सही, पासबुकातल्या नोंदीपुढे आद्याक्षरं, शिपायाच्या रजेच्या अर्जावर सही, आणि तो शिपाई रजेवरून आला की तो आल्याबद्दल सही. लग्न झालं तेव्हा माझी सही पूर्ण नावाची, वळणदार होती. मुलगा झाला तोवर तिच्यातलं आडनाव गळलं. पुढे वडिलांचं नाव गेलं. निवृत्तीच्या दिवशी सही म्हणून जे शिल्लक होतं ते पावसाळ्यात गांडूळ अंगणातून गेल्यावर मागे उरतं तसलं काहीतरी होतं. पण त्या रेघेवर लाखांचे व्यवहार होत असत, हे विसरू नका.

या हजारो सह्यांपैकी एक सोडली तर कुठल्याच सहीचं मला वाईट वाटत नाही. त्या एकीकडे मी शेवटी येतो.

तर अशा माणसाला परवा त्याचा सख्खा भाचा सांगत आला, “मामा, मी सही करणं सोडलंय. आता सही आपोआप होते.”

हे म्हणजे भटजींना जाऊन सांगण्यासारखं झालं, की लग्नं आता आपोआप लागतात.

भाचा पुण्यात संगणकाचं काम करतो. नोकरीतलं काम वेगळं. घरी हौस म्हणून त्यानं एक एक्स्टेन्शन केलंय. एक्स्टेन्शन म्हटलं की मला दोनच गोष्टी आठवतात. एक इस्त्रीची वायर पुरत नाही तेव्हा लागतं ते, आणि दुसरं निवृत्तीच्या वयात साहेबाला मिळतं आणि आपल्याला मिळत नाही ते. हे तिसरंच निघालं. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो ती खिडकी. तिला बाहेरून जी लोखंडी जाळी बसवून आपण कुंड्या ठेवतो आणि कपडे वाळत घालतो, ते एक्स्टेन्शन. बिल्डरनं दिलेलं नसतं, पण लावलं की घर आपलं वाटायला लागतं. भाच्याचं एक्स्टेन्शन पानावरचे इंग्रजी आकडे मराठी करून दाखवतं. माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, इंग्रजी 9 आणि 6 चष्म्यातून सारखेच दिसतात, म्हणून त्यानं हे केलं. आईसाठी मुलानं काही केल्याची उदाहरणं हल्ली कमी झाली आहेत, तेव्हा मी कौतुक केलं. मग विचारलं, “पण यात सही कुठे येते?”

आणि त्यानं जे सांगितलं त्यावरून माझ्या लक्षात आलं, की बँकेत ३४ वर्षं घालवून सहीचा इतिहास मला कोणी शिकवलाच नव्हता. निवृत्त माणसाला वेळ भरपूर. मी वाचायला बसलो.

आता शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो. मुलीच्या लग्नाची बोलणी झाली की शिक्कामोर्तब, सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीवर शिक्कामोर्तब. पण यात शिक्का वेगळा आणि मोर्तब वेगळं, हे कितीजणांना ठाऊक असतं? शिवाजी महाराजांच्या पत्रांत शिक्का माथ्यावर असे आणि मोर्तब शेवटी. त्या शेवटच्या छोट्या मुद्रेवर दोनच शब्द, ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे पत्राची हद्द इथं संपली. यापुढे एक अक्षर दिसलं तर ते आमचं नव्हे. वरचा शिक्का सांगतो पत्र कोणाचं, खालचं मोर्तब सांगतं पत्र केवढं. संगणकवाल्यांनी तीनशे वर्षांनंतर हीच दोन कामं डिजिटल सहीला दिली, कोणी पाठवलं ते सांग आणि वाटेत कोणी काही घुसडलं नाही ना तेही सांग.

पण मोर्तब शेवटाला असतं. मधल्या एका अक्षराचं काय? इथं आपल्याला लगेच शनिवारवाडा आठवतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. राघोबादादांनी ‘धरावे’ असं लिहून दिलं होतं आणि आनंदीबाईंनी त्या ‘ध’चा ‘मा’ केला, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, मराठी माणसाला एका अक्षराची किंमत त्या गोष्टीनं कायमची शिकवली. मात्र एक प्रश्न मला शाळेत कधी पडला नव्हता, तो आत्ता पडला. गोष्ट खरी धरली, तर ‘ध’चा ‘मा’ सहीआधी झाला की सहीनंतर? हा प्रश्न तुम्हीही जरा बाजूला ठेवा. पुढे लागणार आहे.

आपोआप सही करण्याची युक्तीही काही भाच्याची नव्हे. तुमच्या खिशातली नोट काढून बघा. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आहे. धारकाला रक्कम देण्याचं वचन त्यांनी जातीनं दिलंय. आता प्रत्येक नोटेवर ते बसून सही करत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळतं, तरी नोट चालते. अमेरिकेत थॉमस जेफरसन अध्यक्ष असताना १८०४ पासून एक यंत्र वापरत. त्यात दोन पेनं जोडलेली. इकडचं पेन हातानं चालवलं की तिकडचं पेन शेजारच्या कागदावर तसंच लिही. पुढे तिथं ऑटोपेन आलं, म्हणजे माणूस नसतानाही त्याची सही काढणारं यंत्र. २६ मे २०११ रोजी अध्यक्ष ओबामा फ्रान्समध्ये परिषदेला गेले होते आणि इकडे पेट्रियट ॲक्टमधल्या काही कलमांची मुदत मध्यरात्री संपत होती. मुदतवाढीच्या कायद्यावर ओबामांच्या हुकमानं वॉशिंग्टनमध्ये ऑटोपेननं सही केली. मुदतवाढ म्हणजे इंग्रजीत काय? एक्स्टेन्शन! तेव्हा एक्स्टेन्शनवर यंत्रानं सही करण्यात भाच्याच्या आधी अमेरिकेच्या अध्यक्षांचा नंबर लागतो.

आता संगणकातली सही. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी १९७६ मध्ये तिची कल्पना छापली, आणि १९७७ मध्ये एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी ती गणितात बसवून दाखवली. गंमत अशी, की याच गणिताची पद्धत क्लिफर्ड कॉक्स या इंग्रज गणित्यानं १९७३ मध्येच काढली होती. पण तो होता सरकारी गुप्त खात्यात. खात्यानं ती फाइलीत ठेवली आणि १९९७ पर्यंत बाहेर येऊ दिली नाही. सरकारी फाइल सगळीकडे सारखीच.

या सहीचं तंत्र भाच्यानं मला वरणभातासारखं कालवून दिलं, तसंच तुम्हाला देतो. किल्ल्यांची एक जोडी करायची. एक घरात लपवायची, दुसरी चौकात टांगायची. घरच्या किल्लीनं लावलेलं कुलूप चौकातल्या किल्लीनंच उघडतं. ते उघडलं, म्हणजे लावणारा घरचाच, हे सिद्ध झालं. चौकातली किल्ली पाहून घरची बनवणं गणितानं अशक्य नाही, पण ते गणित सोडवता सोडवता जन्म संपतात. सही करताना आधी सगळ्या फाइलीचा एक ठसा काढतात. फाइल पोस्टकार्डाएवढी असो की महाभारताएवढी, ठसा ६४ अक्षरांचाच. फाइलीतलं एक अक्षर हललं की सगळा ठसा बदलतो. तो ठसा घरच्या किल्लीनं बंद केला की झाली सही. अशी सोय शनिवारवाड्यात असती तर ‘ध’चा ‘मा’ केल्याबरोबर गारद्यांना कळलं असतं, की ठसा जुळत नाही, वर विचारा.

आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं या सहीला मान्यता दिली.

पण चौकातली किल्ली अमक्याचीच, हे कशावरून? इथं मी बँकेचा माणूस चटकन समजलो. आमच्याकडे खातं उघडायला आला की आम्ही विचारायचो, ओळख द्यायला जुना खातेदार कोण? तसे ओळख देणारे संगणकाच्या जगातही आहेत. किल्ली या माणसाची किंवा या कंपनीची, असं प्रमाणपत्र ते पैसे घेऊन देतात. मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये इंटरनेटवरून उतरणाऱ्या प्रोग्रामांसाठी अशा सहीची व्यवस्था आणली. त्याच वर्षी फ्रेड मॅकलेन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं एक चिमुकला प्रोग्राम लिहिला, रीतसर प्रमाणपत्र घेतलं, रीतसर सही केली आणि पानावर ठेवला. तो उघडला की समोरचा संगणक मुकाट्यानं बंद होई. सही खरी, नाव खरं, आणि काम हे! त्याला दाखवायचं एवढंच होतं, की सही माणूस कोण ते सांगते, माणूस कसा ते सांगत नाही. पुढे त्याचं प्रमाणपत्र रद्द झालं. आमच्या बँकेतही ज्यांनी कर्ज बुडवलं त्या सगळ्यांच्या सह्या अगदी नमुन्याबरहुकूम होत्या.

ओळख देणाराही चुकतो. जानेवारी २००१ मध्ये व्हेरिसाइन या कंपनीकडे कोणी एकजण गेला आणि मी मायक्रोसॉफ्टचा, असं सांगून त्यानं मायक्रोसॉफ्टच्याच नावाची दोन प्रमाणपत्रं मिळवली. तो मायक्रोसॉफ्टचा नव्हता. मार्चमध्ये जगाला सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या शाखेत एकदा एकाच माणसाची तीन नावांनी तीन खाती निघाली होती, आणि तिन्हींना ओळख त्यानंच दिली होती.

एक्स्टेन्शनवर सहीची सक्ती जरा उशिरा आली. जाळी लावायला सोसायटीची परवानगी नसली की एकजण कुंड्या ठेवतो आणि दुसरा खालच्याच्या डोक्यावर पाणी सोडतो. एक्स्टेन्शनंही जाहिराती घुसवायला लागली, लोकांच्या खिडकीतून घरात डोकावायला लागली. तेव्हा फायरफॉक्स ब्राउझर करणाऱ्या मोझिला संस्थेनं फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर केलं, की आमच्या सहीशिवाय एक्स्टेन्शन चालणार नाही, आणि ऑगस्ट २०१६ पासून नेहमीच्या फायरफॉक्समध्ये ते खरंच चालेना. करणारानं आपलं गाठोडं पाठवायचं, त्यांच्या यंत्रानं तपासायचं, सही करून परत द्यायचं. गाठोड्यात एक छोटी पुरचुंडी जास्तीची येते. तिच्यात प्रत्येक फाइलीचा ठसा आणि त्यावर सही.

या व्यवस्थेनंही एकदा गंमत केली. ४ मे २०१९, शनिवार. ग्रिनिचला मध्यरात्र उलटली, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजून गेले होते. सह्यांच्या साखळीतल्या मधल्या एका प्रमाणपत्राची मुदत त्या वेळी संपली आणि नवं करायचं राहून गेलं होतं. जगभरच्या फायरफॉक्समधली एक्स्टेन्शनं बंद पडायला लागली. फाइलींत काडीचा बदल नाही, सह्या अस्सल, पण सही करणाराच्या ओळखपत्राची तारीख टळलेली! दुसऱ्या दिवशी, ५ मेला, दुरुस्त आवृत्ती निघाली तेव्हा कुठे गाडी रुळावर यायला लागली. रेशनकार्डाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. आपण हयात असतो, फक्त कागद मेलेला असतो.

हयात हा शब्द आलाच. जरा थांबा, त्याच्याकडेच चाललोय.

सगळ्यात जपायची ती घरची किल्ली. २०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा जो संगणकी किडा इराणच्या अणुकेंद्राच्या मागे लागला होता, त्याच्या फाइलींवर तैवानमधल्या दोन सभ्य कंपन्यांच्या खऱ्या किल्ल्यांनी केलेल्या सह्या होत्या. किल्ल्या चोरीच्या. दोघींच्या कचेऱ्या एकाच औद्योगिक वसाहतीत. पुढे सगळ्यांचेच अनुभव जमा झाले आणि १ जून २०२३ पासून नियम आला, की प्रोग्रामवर सही करायची खासगी किल्ली संगणकात मोकळी ठेवायची नाही, ती खास बनवलेल्या बंद उपकरणात हवी. भाच्याच्या कचेरीत अशी एक डबी आहे, पेनड्राइव्हसारखी. ती खुपसायची, पासवर्ड घालायचा, मग सही होते.

“मग रोज कोण खुपसतं?” मी विचारलं.

“खुपसतं कशाला? ती कायमची लावून ठेवलीय. पासवर्डही प्रोग्रामच टाइप करतो.”

आमच्या बँकेत तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या असत. एक हेड कॅशियरकडे, एक आमच्याकडे. दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही. एक हेड कॅशियर तर आपली किल्ली जानव्याला बांधून झोपायचे. त्यांना हे ऐकवलं असतं तर जानव्यासकट उठले असते.

पण भाच्याची बाजूही ऐकायला हवी. एक्स्टेन्शन एकदा करून भागत नाही. आज एक चूक सुधारायची, उद्या ब्राउझर बदलला म्हणून काही बदलायचं. दरवेळी गाठोडं बांधा, मोझिलाकडे पाठवा, वाट बघा, सही झालेलं उतरवून घ्या, लोकांना द्या. दहाव्या वेळी माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस यंत्रापेक्षा जास्त चुका करतो. एकदा त्यानं मध्यरात्री जुनंच गाठोडं सहीला पाठवलं होतं. म्हणून त्यानं यंत्राला सगळं शिकवलं. भाच्यानं कोड जागेवर ठेवला की यंत्र गाठोडं बांधतं, चाचण्या घेतं, त्याची गुप्त किल्ली दाखवून मोझिलाची सही आणतं आणि सगळीकडे वाटून मोकळं होतं. भाचा तेव्हा चहा पीत असतो. ही किल्ली सुरुवातीला त्यानं कोडमध्येच लिहून ठेवली होती, पायपुसण्याखाली ठेवतात तशी. एका मित्रानं कान उपटल्यावर ती आता यंत्राच्या कुलूपबंद कप्प्यात गेलीय.

“चांगलं आहे,” मी म्हटलं, “पण सहीपूर्वी बघतं कोण?”

“यंत्र बघतं की.”

आणि मला बाजूला ठेवलेला तो प्रश्न आठवला. ‘ध’चा ‘मा’ सहीआधी की सहीनंतर?

सहीनंतर केला तर ठसा जुळत नाही, चोर सापडतो. पण सहीआधीच केला तर? डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत सोलरविंड्स कंपनीचं प्रकरण उघडकीला आलं. तिच्या ओरायन या प्रोग्रामच्या आवृत्त्या यंत्रावर आपोआप बांधल्या जात. हेरांनी त्या यंत्रात एक छोटा प्रोग्राम लपवला होता. बांधणी सुरू झाली की तो हळूच एक फाइल बदली, आणि बांधणी झाली की मूळ फाइल परत जागेवर ठेवी. बिचाऱ्या सही करणाऱ्या व्यवस्थेनं आपलं काम चोख केलं. ठसा काढला, किल्ली फिरवली, खरीखुरी सही ठोकली. मार्च २०२० पासून ते गाठोडं बाहेर पडलं आणि जवळजवळ १८,००० ग्राहकांपर्यंत गेलं. सगळ्यांनी ठसा तपासला. सगळ्यांचा जुळला. ‘मारावे’ हा शब्द सहीशिक्क्यानिशी पोचला!

आणि यंत्रांनाच कशाला नावं ठेवायची? २०१० मध्ये अमेरिकेत उघडकीला आलं, की कर्ज थकलेल्यांच्या घरांवर जप्ती आणण्याचे कागद काही कचेऱ्यांतून माणसंच यंत्रासारखे सहीत होती. एका गृहस्थानं शपथेवर कबूल केलं, की तो महिन्याला १०,००० च्या घरात कागद सही करतो आणि वाचत नाही. प्रत्येक कागदावर मजकूर होता, की हे मला स्वतःला माहीत आहे. पुढे २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांनी २५ अब्ज डॉलरची तडजोड केली.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. आता ती एक सही.

१९८८ चा नोव्हेंबर. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. म्हाताऱ्या माणसानं बँकेत यायचं, फॉर्मवर सही करायची, आणि खाली आम्ही लिहून द्यायचं, की हे गृहस्थ आज माझ्यासमोर हजर झाले व ते हयात आहेत. आमच्या गावात एक निवृत्त हेडमास्तर होते. मला गणित त्यांनीच शिकवलेलं. आजारी पडले म्हणून त्यांनी ऑक्टोबरच्या शेवटी घरूनच फॉर्म भरून सही करून मुलाच्या हाती पाठवला. नियमानं मी त्यांच्या घरी जाऊन यायचं. जाईन म्हणालो आणि फॉर्म ट्रेमध्ये ठेवला. आठवड्याभरात मास्तर गेले. मी खांदा दिला. तिरडीबरोबर स्मशानात गेलो, लाकडं रचायला हात लावला, घरी येऊन आंघोळ केली. पुढे दोन आठवड्यांनी शिपायानं ६०-७० दाखल्यांचा गठ्ठा समोर ठेवला. बाहेर रांग होती, टेलिफोन वाजत होता. मी सह्या करत सुटलो. ती गांडुळाची रेघ ओढायला अर्धा सेकंद पुरे.

मास्तर माझ्यासमोर हजर झाले व ते हयात आहेत.

जानेवारीत मास्तरीणबाई कुटुंब-निवृत्तीवेतनासाठी आल्या. मृत्यूचा दाखला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याचा, आणि माझ्या सहीचा हयातीचा दाखला तिसऱ्या आठवड्याचा. दोन्ही कागद खरे, दोन्हींवर शिक्के. वरच्या कचेरीनं विचारलं, यातला खरा कोणता? मी माफीपत्र लिहिलं, मेमो घेतला, खुलासे पाठवले. सात महिने त्या माउलीला पैसा मिळाला नाही. दर महिन्याला येऊन समोरच्या बाकावर बसत. रागावल्या कधीच नाहीत. एकदाच एवढं म्हणाल्या, “पण तुम्ही तर होतात ना त्या दिवशी?”

होतो हो, बाई. मी होतो. माझी सही नव्हती.

१० नोव्हेंबर २०१४ पासून सरकारनं हयातीचा दाखला संगणकावर देण्याची सोय केली. अंगठा यंत्रावर ठेवला की काम होतं. मला विचाराल तर फार उत्तम झालं. मेलेला माणूस अंगठा ठेवायला येत नाही. यंत्र गठ्ठ्यानं सह्या करत नाही, एकेकाला खरंच बघतं. तेव्हा मी यंत्राविरुद्ध आहे असं कोणी समजू नये. मी बघितल्याशिवाय केलेल्या सहीविरुद्ध आहे, मग ती मी केलेली का असेना.

भाच्याला मी ही गोष्ट सांगितली नव्हती. सांगायची वेळ त्याच्या आईनं आणली. त्यानं एका रात्री थोडा बदल केला, यंत्रानं चाचण्या घेतल्या, सही आणली, वाटप केलं. सकाळी ताई (वयानं माझ्याहून धाकटी, पण सगळं घर तिला ताईच म्हणतं) बँकेच्या पानावर विजेचं बिल भरायला बसली. मोबाइलवर आलेला परवलीचा आकडा तिनं चौकटीत टाइप केला. नव्या बदलामुळे एक्स्टेन्शननं चौकटीतलेही आकडे मराठी केले. बँकेच्या संगणकाला मराठी येत नव्हतं. तिनं तीनदा घातला, तीनदा नकार आला, आणि खातं दिवसभरासाठी बंद झालं. सही मात्र अस्सल होती. ठसा जुळत होता.

त्या संध्याकाळी भाचा माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला मास्तरांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, यंत्राला मध्ये थांबवता येतं. गाठोडं बांधून, चाचण्या घेऊन ते सहीच्या आधी उभं राहील. दोघांनी होकार दिल्याशिवाय पुढे जाणार नाही. तुमच्या तिजोरीसारखं.”

“आणि दुसरा कोण?”

“तुम्ही.”

म्हणून निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी मला पुन्हा सहीचा अधिकार मिळाला आहे. बिनपगारी आहे, पण पूर्वीच्या पगाराकडे बघता फरक फारसा जाणवत नाही. नवीन आवृत्ती झाली की भाचा मला आधी बिनसहीचं गाठोडं देतो. ते ब्राउझरमध्ये तात्पुरतं लावून बघता येतं. कोडमधलं मला ओ की ठो कळत नाही. मी फक्त पानं उघडतो, आकडे बघतो, ताईला फोन लावून एखादी चौकट भरायला सांगतो, आणि मग लिहितो, ‘पाहिले. ठीक.’ पुढची सही यंत्र करतं, माझ्यापेक्षा सुवाच्य.

परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. “मामा, फक्त एक स्वल्पविराम बदललाय. होकार देऊन टाका ना.”

मी म्हटलं, “समक्ष आण.”

कुरकुरत पाठवलं त्यानं. मी चष्मा लावला, पान उघडलं, ताईला उठवलं. स्वल्पविराम आकड्यांतलाच होता. अडीच लाखांचे ‘२,५०,०००’ जाऊन तिथं अमेरिकन पद्धतीचे ‘२५०,०००’ आले होते. रक्कम तीच, पैसा कुठे गेला नव्हता. पण सकाळी पासबुक बघून ताईनं जो फोन केला असता, तो बँकेला नव्हे, मला केला असता.